माडावरची माडी, उरणची भट्टी

गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या एका झकपक मायक्रोब्रुअरीत मित्रांबरोबर संध्याकाळ घालवली. काचेपलीकडे चकचकीत टाक्या, फळ्यावर खडूने लिहिलेली त्या दिवशीच्या बिअरची नावे. वाढणारा तरुण अभिमानाने सांगत होता : इथेच होते, इथेच प्यायची, बाटलीत भरत नाही. मी अष्टागरातला माणूस. ही सगळी वर्णने मला माडीची वाटली.

माडीचा ताजेपणा ही जाहिरात नव्हती, नाइलाज होता. भंडारी माडावर चढतो, न उमललेली पोय बांधून हळूहळू ठोकतो, कोयतीने तिचे टोक छाटतो आणि खाली मडके अडकवतो. सकाळ-संध्याकाळ पुन्हा तेच. उतरलेला रस गोड असतो. पण हवेतले आणि मडक्यातले किण्व लगेच कामाला लागते, काही तासांत माडी चढते आणि दुसऱ्या दिवशी आंबट होऊ लागते. बिअरला हॉप्सच्या कडवटपणाने टिकाऊपणा दिला, म्हणून ती पिपांत भरून इंग्लंडहून मुंबईपर्यंत येऊ शकली. माडीला रेवदंड्याहून पेणला जाणेही जड. गोव्यातले पोदेर हीच माडी, म्हणजे सूर, घालून पाव फुगवीत. तीही जवळच्याच माडाची.

अशा पेयावर कर बसवायचा कसा? झाडे हजारो, धनी शेकडो, आणि माल संध्याकाळपर्यंत पोटात. माझ्या मते कुलाबा जिल्ह्यातल्या दारूचा इतिहास हा नीतीपेक्षा या प्रश्नाचा इतिहास आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने त्याचे उत्तर दिले. अबकारी खात्याचा कारभार तेव्हा चार्ल्स प्रिचर्ड यांच्याकडे होता. छेदायच्या प्रत्येक झाडावर कर. झाड किती रस देते याच्याशी त्याचा संबंध नाही. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून गाळप एका जागी आणायचे, म्हणजे दारावर एक पहारेकरी आणि हातात एक वही पुरे.

ती जागा उरण. तिथल्या भट्ट्या मुख्यतः पारशी मालकांच्या. मोहाची फुले पंचमहालाकडून यायची आणि गाळलेली दारू मुंबईला जायची. म्हणजे कच्चा माल गुजरातचा, गिऱ्हाईक मुंबईचे, आणि आपल्या किनाऱ्याच्या वाट्याला धूर! शेजारच्या भंडाऱ्याची माडी मात्र करापायी महाग झाली.

मोहाची गोष्ट याहून कडवट आहे. माडीवर कर होता, तरी झाड मालकाचेच राहिले. 1892 च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच निर्बंध आले, कारण फुले घरात असली की चोरून गाळणार, हा सरकारचा तर्क. कातकरी-ठाकरांच्या घरी तीच फुले टंचाईच्या महिन्यांत शिजवून खाल्ली जात; गुरांनाही घालत. जंगलात फुकट गळणारे अन्न उरणच्या वहीसाठी संशयित ठरले. दारूबंदीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. या अन्नबंदीवर फार थोडे.

स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. हेतू महसुलाच्या नेमका उलट, पण झाडाखाली उभ्या माणसाला खाकी वर्दी तीच दिसली. साठच्या दशकात बंदी सैल झाली, कायदा मात्र राहिला. (तो अजून आहे, महाराष्ट्रात पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, हे मायक्रोब्रुअरीतल्या किती जणांना ठाऊक असते?) 2009 मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली, देशातल्या पहिल्यावहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक. नाव देवळालीवरून : मायदेशी परतायच्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत कंटाळून वेडावलेल्या गोऱ्या सोजिरांसाठी पडलेला तो इंग्रजी शब्द. गोऱ्यांच्या छावणीतला शब्द असा फलकावर चढला. रासी आणि फेणी ही माडापासून गाळलेल्या दारूची नावे होती. त्यांपैकी फेणी गोव्यात काजूच्या आधाराने तगली, रासी कोशात गेली.

मायक्रोब्रुअरीला आणि माडीच्या दुकानाला, दोघांनाही परवाना लागतो तो त्या 1949 च्याच कायद्याखाली. दुकानाला परवाना मिळाला तरी माडावर चढणारा हवा, आणि माड देणारा हवा. छेदलेल्या पोयीला नारळ धरत नाही, त्यामुळे वाडीवाला आधी नारळाचा भाव विचारतो. आमच्या आळीत पाडेली दीड-दोन महिन्यांनी येतो. नारळ पाडतो, झापा साफ करतो आणि मजुरी घेऊन पुढच्या वाडीला जातो.