कागद न ठेवणाऱ्या संघटनेचा अभ्यास कसा करायचा?

'संकटकाळातला संघटनेचा संवाद' असा विषय निवडला की आपण लगेच कंपन्यांची पत्रकं आणि प्रवक्त्यांची निवेदनं शोधायला लागतो. जरा थांबा. विट्याच्या आसपासच याचं एक मोठं उदाहरण आहे, ते म्हणजे साताऱ्याचं प्रतिसरकार.

आधी एक व्यवहारातली सूचना. १९४२ साली विटा सातारा जिल्ह्यात होतं. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. म्हणून त्या काळासाठी दप्तरात 'सांगली' शोधलंत तर संस्थानाचे कागद निघतील, विट्याचे नाहीत.

आता मूळ मुद्दा. ९ ऑगस्ट १९४२ ला देशभरातले काँग्रेस पुढारी पकडले गेले. साताऱ्यात लोकांनी तालुका कचेऱ्यांवर मोर्चे नेले. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला. उघड्यावर जमून बोलण्याची वाट तिथंच बंद झाली. याच सुमारास मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. २७ ऑगस्टला सुरू झालेला तो आवाज १२ नोव्हेंबरच्या छाप्यात थांबला. साताऱ्याचं भूमिगत काम मात्र १९४६ पर्यंत टिकलं.

हे कसं जमलं? माझ्या मते, इथला निरोप यंत्रावर नाही, माणसांवर अवलंबून होता, आणि ती माणसं १९४२ च्या आधीच तयार झाली होती. गावोगावी सत्यशोधक जलसे होऊन गेले होते. १९३० मध्ये बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला होता. त्याच वर्षी नाना पाटलांनी तलाठ्याची नोकरी सोडली आणि ते गावरान बोलीत भाषणं करत फिरू लागले. संकट आलं तेव्हा कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे गावांना ठाऊक होतं. पुढे कुंडल, वाळवा असे गट आपापल्या भागात काम करू लागले. एक गट अडचणीत आला तरी बाकीचे चालू राहत. न्यायदान मंडळांचे निवाडे गावासमोर होत, म्हणजे निवाडा हाच निरोप ठरे.

पण याला नुसतं यश म्हणू नका. विरोधकांच्या पायाला पत्रे ठोकतात अशी वदंता पसरली आणि 'पत्री सरकार' हे नाव रूढ झालं. काही दरोडेखोरांनीही चळवळीचं नाव वापरलं. लेखी खुलासा करायची सोय नसली की दुसरे आपल्या नावानं बोलू लागतात, ही या पद्धतीची किंमत.

तुमच्यासारख्या संशोधकाला इथंच ठेच लागते. गुप्त संवाद जितका चोख, तितके त्याचे कागद कमी. पोलिसांचे अहवाल मात्र भरपूर! नुसत्या त्या अहवालांवर प्रबंध उभा केलात, तर ज्यांना काहीच कळू द्यायचं नव्हतं, त्यांच्याच नजरेतून चळवळ दिसेल.

मग दुसरी बाजू कुठून आणायची? माणसांकडून. नाना पाटलांची मुलगी हौसाताई पाटील विट्यात राहायच्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं सोंग केलं. पोलीस सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी आतल्या बंदुका नेल्या. हा प्रसंग पी. साईनाथांनी त्यांच्याच तोंडून ऐकून नोंदवला. २३ सप्टेंबर २०२१ ला हौसाताई गेल्या. कोणी वेळेत जाऊन बसलं नसतं तर?

मुलाखत ही काही शेवटचा शब्द नाही. सत्तर वर्षांनी सांगितलेली आठवण अहवालाशी ताडून बघायलाच हवी, आणि अहवालही आठवणीशी. दोन्हींत फरक दिसला तर घाबरू नका. तुमचा संशोधन प्रश्न बहुतेक तिथंच दडलेला असतो.

विषय ठरवण्याआधी एवढं करा: आपल्या गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे एक दुपार जाऊन बसा. ग्रंथालय उद्याही उघडं असेल.