इंदुरी खत : एका विसरलेल्या वारशाचा मागोवा

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती दैना नव्वद दिवसांत फिटू शकते, हे शास्त्रीय प्रयोगांनी जेथे सिद्ध झाले ते गाव आपले इंदूर होय. जगातील शेतीविषयक ग्रंथांत ‘इंदूर पद्धत’ या नावाने ही प्रक्रिया गेली नऊ दशके ओळखली जाते. परंतु होळकरांच्या मागोमाग माळव्यात येऊन येथेच रुजलेल्या आपल्या मराठी घरांत तिचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. ऊर्जा वाचवा, कचरा कमी करा, असे उपदेश हल्ली सर्व बाजूंनी कानी पडत असताना या घरच्या वारशाचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

या कथेची पार्श्वभूमी प्लेगच्या काळाची आहे. तिसऱ्या तुकोजीराव होळकर महाराजांच्या कारकिर्दीत नगररचनेचे स्कॉटिश अभ्यासक पॅट्रिक गेडिस इंदुरास आले आणि १९१८ मध्ये त्यांनी दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला. शहराचे मैलापाणी नळांवाटे दूर वाहून नेण्यावर मोठा खर्च करण्यापेक्षा ते बागांच्या मातीत जिरवावे, असा त्यांचा आग्रह होता. उपदेशाने लोक घर झाडत नाहीत, हे जाणून त्यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. जे रस्ते लोकांनी सर्वांत स्वच्छ केले असतील त्यांवरून ती जाईल, असे जाहीर झाले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. आणि शहर झाडणारे सफाई कामगार स्वच्छ वस्त्रे लेवून, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. शेवटी तुळशीची रोपे वाटण्यात आली. घाण काढणे आणि रोप लावणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत, ही गोष्ट इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी सांगितली असेल.

त्यानंतर काही वर्षांनी, १९२४ मध्ये, होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे तीनशे एकर जमिनीवर वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. कापसावर संशोधन करणे हा तिचा मूळ हेतू. संचालक अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ पासून बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले गृहस्थ. येथील शेतकरी आणि पिकांवरील किडी यांना ते आपले गुरू मानीत, हे त्यांचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. माळव्यातील शेतकरी शेणाच्या गोवऱ्या थापून जाळतो. त्यामुळे जमिनीच्या वाट्याला फारच थोडे शेण येते, हे त्यांनी पाहिले. मग थोड्याशा शेणाला शेतातील व अंगणातील टाकाऊ पाल्याची जोड देऊन भरपूर खत कसे करता येईल, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. या कामी चीनमधील शेतकऱ्यांची जुनी खतपद्धतीही त्यांना मार्गदर्शक ठरली.

पद्धत अशी. सर्व तऱ्हेचा पालापाचोळा, तण, उसाचे पाचट एकत्र मिसळावयाचे. पऱ्हाट्यांसारखे टणक काष्ठ शेतरस्त्यावर पसरून ठेवावयाचे, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली ते आपोआप भरडले जाते. मग गुरांखाली अंथरलेला ओला पाला, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचावयाचे. हे थर तुडवून दाबावयाचे नाहीत, कारण खत करणाऱ्या सूक्ष्म जीवांस हवा लागते. ओल मात्र सतत राखावयाची. पहिल्या काही दिवसांत ढिगाची उष्णता ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्यात तणांची बहुतेक बीजे व रोगजंतू नष्ट होतात. सुमारे पंधरवड्याने, मग महिन्याने व त्यानंतर दोन महिन्यांनी ढीग वरखाली करावा. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, मातीचा सुगंध असलेले खत हाती येते. ना यंत्र, ना इंधन, ना विकतचे द्रव्य.

या प्रयोगांचा ग्रंथ १९३१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. कोणता पाला किती मिसळला असता नत्र वाया जात नाही, ढिगात कर्ब व नत्र यांचे प्रमाण कसे बदलत जाते, याचे मोजमाप हा या पद्धतीचा कणा होय. आणि संस्थेतील रसायनशास्त्राचे काम वाड यांच्याकडे होते. हॉवर्ड पुढे १९३४ मध्ये ‘सर’ झाले, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगाने त्यांस गौरविले. वाड यांचे नाव मात्र तळटीपांत राहिले. इंदुरातील मराठी माणसाचा दरबार, सरदारकी, नाटक व क्रिकेट यांतील वाटा आपण अभिमानाने सांगतो. त्या यादीत हे नाव नसावे, याची आम्हांस खंत वाटते.

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हा त्यांनी या संस्थेत जाऊन खताची पद्धत पाहिली. सिलोन व पूर्व आफ्रिकेतील चहा-कॉफीच्या मळ्यांनी ती उचलली. इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या चळवळींनी तिचाच आधार घेतला. संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे.

आता आजचे इंदूर पाहू. २०१७ पासून सलग सात वर्षे देशातील स्वच्छ शहरांत त्याचा पहिला क्रमांक लागला. त्यांपैकी सातव्या वर्षी तो सुरतेसह विभागून मिळाला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडियाजवळ दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायुइंधन करण्याचा प्रकल्प सुरू झाला. हे यश मोठेच आहे, आणि घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या गृहिणींचा त्यात मोठा वाटा आहे. तरीही एक भेद ध्यानी घ्यावा. आजची स्वच्छता कचरा उचलून नेण्यावर उभी आहे. हॉवर्ड-वाड यांची पद्धत कचरा उचलावाच लागू नये यासाठी होती. गाडी दारी येते, डिझेल जाळते, मैलोगणती फिरते. आणि ती नेते त्यात निम्म्याहून अधिक ओझे नुसत्या पाण्याचेच असते. कुंडीसाठी खताची पिशवी मग आपण बाजारातून विकत आणतो!

जुन्या वाड्यांना परसदार होते, आज सदनिकेला सज्जा आहे. पण पद्धतीचे नियम तेथेही तेच. बाजूंना भोके असलेले माठ किंवा डबे दोन घ्यावेत. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, देव्हाऱ्यातील निर्माल्य यांचा एक भाग आणि सुक्या पानांचे दोन भाग असा थर द्यावा. वर मूठभर माती किंवा जुने खत विरजणासारखे पसरावे. आठवड्यातून एकदा वरखाली करावे. वास आला तर ओल अधिक झाली, सुकी पाने घालावीत. ढीग निजला तर पाणी शिंपडावे. शिजलेले तेलकट अन्न मात्र नगरपालिकेच्या गाडीस द्यावे, त्यासाठी ती योग्यच आहे. एक माठ भरला की दुसरा सुरू करावा. तो भरेपर्यंत पहिल्याचे खत होते.

यातून वाचते काय? हवेविना कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक आहे. हवा खेळत्या ढिगात तो फारसा होत नाही. शिवाय खताची माती ओल धरून ठेवते, झाडांस पाणी कमी लागते. १९७८ पासून इंदूर जे नर्मदेचे पाणी पिते ते सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, विंध्याचा चढ विजेच्या बळावर चढवून आणलेले आहे. कुंडीत वाचलेली बादली म्हणजे वाचलेली वीजही.

ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जेथे जेथे आपली घरे आहेत तेथे पाने गळतात आणि देठे निघतात. आमची सूचना एवढीच, की येत्या पानगळीत पाने जाळू नयेत, एक पोते भरून ठेवावे आणि माठ मांडावा. नातवंडांनी ‘हे काय?’ म्हणून विचारल्यास ‘इंदुरी खत’ हे त्याचे खरे नाव सांगावे, आणि हॉवर्डसाहेबांबरोबर यशवंत वाड यांचेही.