केडगावच्या पंडिता : सेवा, श्रद्धा आणि उघडं दार

आज आपण नेरे गावात जमलो आहोत. इथून पूर्वेकडे निघालं, पुणं ओलांडलं, की दौंड तालुक्यात केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं केडगाव. ख्रिस्ती सेवेविषयी बोलायचं तर या गावापाशी थांबावंच लागतं. आणि तिथे एक अवघड प्रश्न उभा राहतो : सेवा करणाऱ्यानं आपली श्रद्धा लपवावी का?

रमाबाई संस्कृतच्या पंडिता. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'सरस्वती' म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या धर्मगुरूंचा प्रत्येक सिद्धांतही त्यांनी मुकाट्यानं मानला नाही.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथे धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, मात्र दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. 'केसरी'नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी तरीही दार लावलं नाही.

आता दुसरी बाजूही पाहू. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, त्या आनंदीबाई कर्वे झाल्या आणि हिंदूच राहिल्या. म्हणजे दार आत यायला जसं उघडं होतं, तसंच न यायलाही होतं.

मग १८९६ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण आधीच्या एका दुष्काळातच गेले होते; भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली-बाया केडगावला आणल्या. तिथे 'मुक्ती' उभी राहिली. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हातचं. मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती होती आणि अनेकींनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा टीकाकारांचा सवाल आपण झटकून टाकू नये : उपाशी माणसाला घास दिला, तर त्याचा होकार कितपत मोकळा?

आम्हाला वाटतं, या सवालाला रमाबाईंचं जे काही उत्तर होतं, ते त्यांच्या शेवटच्या कामात दिसतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. संस्कृतचं एवढं भांडार हाताशी असून शब्द निवडले साधे, खेड्यातल्या बाईला कळतील असे. केडगावच्याच बायकांनी ते छापलं. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला; रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या.

ज्या बाईला आधी अक्षरओळख दिली, तिच्याच हाती मग ग्रंथ दिला. वाचून काय मानायचं, हे ती स्वतः ठरवू शकत होती. प्रचाराचा हा मार्ग लांबचा आहे. प्रचार करणाऱ्यालाही तो परवडतोच असं नाही, कारण वाचणारी 'नाही'ही म्हणू शकते. रमाबाईंनी तो धोका पत्करला, असं आम्ही म्हणतो. तुमचं मत वेगळं असेल, तर आता चर्चेत जरूर सांगा.