शेत गेले, नंबर राहिला

पुण्याच्या दक्षिणेस, पर्वती-तळजाईच्या टेकड्यांच्या पूर्वेला बिबवेवाडी आहे. एके काळी हवेली तालुक्यातले हे लहानसे गाव. आज ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत असून गावठाणाभोवती इमारतींची दाटी झाली आहे. तरीही येथील कितीतरी पत्त्यांत एक आकडा येतो : सर्व्हे नंबर अमुक. शेत दिसत नाही, पण शेताचा नंबर आहे. तो आला कोठून?

पेशवाईत आपल्या गावांची शीव ओढा, टेकडी, एखादे जुने झाड यांवरून ओळखली जाई. वसुलीची जबाबदारी पाटलाची, दप्तर कुलकर्ण्याचे आणि शिवेची राखण महाराची. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष मोलाची मानीत. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर! जुन्या ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजी अमलात प्रिंगलसाहेबाने केलेली पहिली आकारणी इतकी जड झाली की रयत गावे सोडू लागली. मग १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पद्धत सुरू केली आणि ती पुढे दख्खनभर पसरली. ३३ फुटांची साखळी, हद्दीवर दगड, प्रत्येक शेताला नंबर आणि ३० वर्षांसाठी ठरलेला सारा. साखळीभर लांब व तितकाच रुंद तो गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. आपले देणे किती, हे रयतेला आधी कळू लागले, हा मोठाच लाभ. पण नंबर पडलेले शेत गहाण टाकणेही सोपे झाले. मे १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, त्यामागे हेही एक कारण होते.

आणि शीव राखणारा? दगड साक्ष देऊ लागले, तसे त्याच्या शब्दाचे मोल उतरले; वेठ मात्र सुटली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने ती चाकरी बांधूनच ठेवली. ती सैल करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. ते तडीस गेले नाही. कुलकर्ण्यांची वतने १९५० च्या कायद्याने गेली, महारांसह कनिष्ठ गावकामगारांची १९५८ च्या, तर मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने. बिबवेवाडीचा कारभार आता महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून चालतो.

उरला तो नंबर, आणि उरला गुंठा. सातबाऱ्याच्या उताऱ्यात मालकाचे नाव आहे, क्षेत्र आहे, आकार आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही शीव पायांखाली घातली, त्यांच्यासाठी रकाना नाही. ज्याला आपल्या गावाचा इतिहास लिहावयाचा असेल, त्याने खुशाल त्या उताऱ्यापासून आरंभ करावा. मात्र पुढची चौकशी गावकुसाबाहेरच्या घरांत जाऊन करावी.