तलवारीने केक आणि आजीचा कोयता

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव पवन मावळात. आजचा भाग एका वाढदिवसामुळे सुचला.

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याला एका बंगल्यावर आम्ही आठ-नऊ मित्र होतो. रात्री बाराला केक आला आणि एकाने बॅगेतून तलवार काढली. ऑनलाइन मागवलेली, अडीच फुटांची. व्हिडिओ मीच काढला आणि सकाळी स्टेटसला टाकला. दुपारी मामांचा फोन. मामा पोलिसातून रिटायर झालेत.

"ती तलवार कुणाची रे? लायसन आहे?"

"मामा, तिला धारसुद्धा नाहीये."

"मला सांगतोयस तोवर ठीक. ठाण्यात सांगायची वेळ आली तर?"

तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो आजीच्या कोयत्याचा. आमच्या गावात माणूस रानात निघाला की कमरेच्या आकडीत कोयता असतोच. त्याला कुणी काही विचारत नाही. मग तलवारीलाच का विचारतात? म्हणून मी कायदा वाचायला घेतला आणि थेट 1878 मध्ये पोहोचलो.

1857 चा उठाव मोडल्यावर इंग्रजांना हिंदुस्थानी माणसाच्या हातातलं शस्त्र नको होतं. व्हाइसरॉय लिटनच्या काळात 1878 चा शस्त्र कायदा आला. त्यात बंदुकांच्या जोडीला तलवारी, खंजीर, भाले, एवढंच काय, धनुष्यबाणसुद्धा 'शस्त्र' ठरले. लायसनशिवाय ते घेऊन फिरायचं नाही. युरोपियनांना मात्र सूट. आता मावळ म्हणजे लोहगड-विसापूरचा मुलूख. हे दोन्ही किल्ले मार्च 1818 मध्ये इंग्रजांकडे गेले होते. साठ वर्षांनी लोकांच्या हातातल्या पात्यावरही सरकारचा हक्क आला.

तरी उठाव थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी साथीदार घेऊन बंड केलं. फडके मूळचे शिरढोणचे, म्हणजे बोरघाट उतरून पनवेलकडे गेलं की लागतं ते गाव. मे महिन्यात त्यांच्या माणसांनी पळस्प्यावर दरोडा घातला. मुंबईला जाताना आपण ज्या पळस्पे फाट्यावर ट्रॅफिकमध्ये अडकतो, तेच पळस्पे.

काँग्रेसला हा कायदा अपमान वाटायचा. 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये मागितला होता. 1950 च्या संविधानात तो आला नाही. कलम 25 मध्ये शिखांच्या कृपाणाचा उल्लेख तेवढा आला.

आता खरी गंमत बघा. 1959 चा नवा शस्त्र कायदा मांडताना त्याचा एक हेतू असा लिहिला होता की चाकू, भाले, धनुष्यबाण वगैरे 'शस्त्र' या व्याख्येतून बाहेर काढायचे. प्रत्यक्षात कायदा झाला तेव्हा धारदार शस्त्रं व्याख्येत राहिलीच. सरसकट लायसन फक्त बंदुकांना लागलं, पण कलम 4 चं एक दार उघडं ठेवलं: केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागात पात्यांनाही लायसन लावू शकतं. बातमीत 'आर्म्स ॲक्ट 4 (25)' वाचता ना, त्यातला 4 तो हाच. 25 म्हणजे शिक्षेचं कलम.

नऊ इंचांची गोष्टही इथूनच आली. नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, संगीन, आणि 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू आहेत. पण घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे कायदा आधी विचारतो, वस्तू कशासाठी बनवली? आजीचा कोयता लांब असूनही शेतीचा. मित्राची तलवार बोथट असली तरी तलवारच.

"नऊ इंचांच्या आत असेल तर बिनधास्त फिरवा," असं रील्समध्ये सांगतात. त्यावर विसंबू नका. आपल्याकडे दुसरा कायदा आहे, 1951 चा महाराष्ट्र पोलीस कायदा, आधीचा मुंबई पोलीस कायदा. सण, निवडणूक, आंदोलन आलं की कलम 37(1) खाली मनाई आदेश निघतो. त्यात इंच मोजत नाहीत. चाकू, काठी, दुखापत करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला बंदी घालता येते. हा आदेश जिल्ह्यात जिल्हाधिकारी काढतात, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. 2018 मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झालं आणि तळेगाव दाभाडे तिकडे गेलं. लोणावळा, कामशेत पुणे ग्रामीणमध्येच राहिले. म्हणजे एकाच मावळ तालुक्यात, लोकलने काही स्टेशनं पुढे गेलात की आदेश काढणारा अधिकारी बदलतो.

मला काळजी वाटते ती इथे. पुण्यात 'कोयता गँग'च्या बातम्या सुरू झाल्यापासून कोयता हा शब्दच संशयाचा झालाय. माझा चुलतभाऊ आजीचा कोयता धार लावून बाइकवरून परत आणत होता. नाकाबंदीत अर्धा तास थांबवला. गावातल्या ओळखीच्या माणसाचा फोन झाला, मग सोडलं. ज्याची ओळख नाही, ज्याला मराठीत नीट दोन वाक्यं बोलताना भीती वाटते, त्या कातकरी पोराचं काय? कोयता कशासाठी बनवलाय हे कायद्यात लिहिलेलं आहे. तो कशासाठी नेताय हे मात्र रस्त्यावर, रात्रीच्या वेळी, समोरचा माणूस ठरवतो.

आणि त्या संशयात आमच्यासारख्यांची भर आहे, हे मला कबूल करायला हवं. आम्ही मजा म्हणून तलवार नाचवतो, व्हिडिओ फिरतो, बंदोबस्त कडक होतो आणि त्यात थांबवला जातो तो आजीचा कोयता.

मित्राने वकिलाला विचारून तलवार ठाण्यात जमा केली. त्याच्यासोबत मीही गेलो होतो, कारण व्हिडिओ माझा होता. यंदाचा केक आम्ही प्लास्टिकच्या सुरीने कापला. चव तीच होती.

हा भाग त्या मित्राला पाठवा, ज्याच्या कार्टमध्ये आत्ता तलवार पडून आहे. भेटूया पुढच्या भागात.