मस्कतचे जयकर आणि माशांच्या उवा

ओमानच्या डोंगरात एक रानबोकड राहतो, अरेबियन ताहर. 1894 मध्ये त्याला मिळालेल्या शास्त्रीय नावात ‘जयकरी’ असा शब्द आहे. हे जयकर आपलेच: आत्माराम सदाशिव जयकर, इंडियन मेडिकल सर्व्हिसचे सर्जन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मस्कतला डॉक्टर होते. रोगी तपासून उरलेल्या वेळात ते सरडे, साप आणि मासे जमवून लंडनच्या म्युझियमला पाठवत. तिथे बूलाँजे यांनी 1887 पासून या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. एका समुद्री घोड्यालाही जयकरांचं नाव आहे.

बूलाँजेंना मासा हवा होता. त्याला काय चिकटलंय हा त्यांचा विषय नव्हता. गंमत अशी, की दहाएक वर्षांतच नेमकं तेच कुणीतरी बघत होतं, आणि तेही मुंबईत. रॉयल नेव्हीचे सर्जन बॅसेट-स्मिथ यांनी 1898 मध्ये मुंबईच्या माशांवरचे नवे परजीवी कोपेपॉड छापून आणले. म्हणजे माशांच्या ‘उवा’ आणि त्यांचे भाऊबंद. नावाला ऊ, पण नातं कोळंबी-खेकड्यांशी.

या उवेचं पिल्लू अंड्यातून निघतं आणि पाण्यात तरंगत राहतं. वेळेत मासा सापडला नाही तर मरतं. खुल्या समुद्रात बहुतेक मरतातच. पिंजऱ्यात मात्र हजारो मासे दाटीवाटीने उभे! नॉर्वेत 1970 च्या सुमारास साल्मन असा वाढू लागला आणि 1837 पासून शास्त्राला माहीत असलेली ऊ उद्योगाची डोकेदुखी झाली. औषधं दिली, तर उवा त्यांना सरावल्या. मग उवा खाणारे मासे सोडले, गोड्या पाण्याची आंघोळ घातली. आज तिथे उवा मोजणं सक्तीचं आहे: एका माशामागे सरासरी अर्धी प्रौढ मादी, त्यापुढे कारवाई.

ओमानच्या समुद्रात साल्मन नाही, त्यामुळे त्याची ऊही नाही. पण उष्ण समुद्रांत कॅलिगस कुळातल्या उवा असतात, आणि कोमट पाण्यात त्यांची पिढी लवकर तयार होते. कुरियातजवळ भूमध्य समुद्रातला सीब्रीम आणून पिंजऱ्यात वाढवतात. उद्या उवा वाढल्या तर मासेमार म्हणणार पिंजऱ्यातून आल्या, पिंजरेवाले म्हणणार समुद्रातून. स्कॉटलंड आणि कॅनडात हे भांडण वर्षानुवर्षं चाललंय. निवाडा करायचा तर पिंजऱ्यांआधी समुद्रात काय होतं, ते माहीत हवं.

म्हणून माझा डोळा जयकरांच्या बरण्यांवर आहे. जुन्या माशांच्या कल्ल्यांत परजीवी शंभर वर्षांनीही चिकटलेले सापडतात. अंगावरचे काही आधीच धुऊन गेलेले असतात, काही सुटून तळाशी बसतात. त्यामुळे मोजणी कमीच भरणार, पण शून्यापेक्षा बरी. फक्त स्पिरिट बदलताना तळाचा गाळ कुणी ओतून टाकू नये.