जीपचा क्रॉस

१९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. युद्धासाठी अमेरिकेत घडलेली ही गाडी पुढं आमच्या घाटवाटांवर बाळंतिणीपासून कांद्याच्या गोण्यांपर्यंत सगळं वाहू लागली. चिखलात ती चारही चाकांनी ओढायची. इंजिनाचा हा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडं नेतात दोन शाफ्ट, आणि शाफ्टच्या टोकांना असतो क्रॉस. त्याच्या चार वाट्यांत सुईसारखे बारीक रोलर. ग्रीस आटलं की ते झिजतात, आणि क्लच सोडताच खालून ‘खट्’ आवाज येतो.

मिस्त्री म्हणायचे, “आवाज आला की दुसरी फेरी न्हाई. शाफ्ट निखळला तर पेशंट डोंगरातच ऱ्हाईल.”

शाफ्ट उघडण्याआधी ते छिन्नीनं खूण करत. सरकत्या जोडाचा एक दात जरी चुकला, तरी दोन्ही टोकं एका रेषेत राहत नाहीत. गाडी थरथरते, नवा क्रॉसही लवकर जातो. मग लॉक काढून, व्हाइसमध्ये धरून वाट्या ठोकून काढायच्या, नव्या बसवायच्या, ग्रीस भरायचं.

गावात पहिली जीप आली ते साल जुन्या माणसांना पाठ आहे. ती पुढं किती वर्षं चालली, ते मात्र या छिन्नीच्या खुणेवर ठरलं.